सोऱ्याचा खडा आणि नोनियांचे विस्मृत रसायन

१७व्या आणि १८व्या शतकांत युरोपातील तोफांना लागणाऱ्या सोऱ्याचा फार मोठा हिस्सा बिहारमधून जात असे. बंदुकीच्या दारूत सुमारे तीन-चतुर्थांश भाग सोऱ्याचाच. म्हणून तर प्लासीच्या लढाईनंतर वर्षभरातच, १७५८ मध्ये, इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मिळवला.

हा सोरा तयार करीत ते नोनिया समाजाचे कारागीर. जुन्या वस्त्यांभोवतीची खारी माती खरवडायची, तिच्यातून पाणी झिरपवायचे, ते आटवायचे आणि निवत ठेवायचे, असा त्यांचा क्रम. या साध्या दिसणाऱ्या कृतीमागे नेमके शास्त्र होते. १०० ग्रॅम उकळत्या पाण्यात सुमारे २४५ ग्रॅम सोरा विरघळतो; २० अंश सेल्सिअसला मात्र जेमतेम ३२ ग्रॅम. मिठाचे प्रमाण या दोन्ही तापमानांत ३६ ते ३९ ग्रॅमच राहते. त्यामुळे आटवताना मीठ तळाशी बसते आणि निवताना सोऱ्याचे खडे धरतात.

परंतु पहिला खडा कधीच निर्मळ नसे. स्फटिक वाढताना भोवतीचे खारे पाणी त्याच्या पोटात अडकते, काही पृष्ठभागाला चिकटून राहते. असे मीठ उरले तर दारू दमट होते आणि ऐन वेळी दगा देते. म्हणून कच्चा सोरा पुन्हा विरघळवून पुन्हा निववीत. त्यातून मिळे तो ‘कलमी सोरा’. पुढे फ्रान्समध्ये निवणारा द्राव सतत ढवळून बारीक कण पाडण्याची व ते थंड पाण्याने धुण्याची रीत आली. बारीक कणांत खारे पाणी कमी अडकते आणि धुणेही सोपे जाते.

आजच्या औषध व रसायन कारखान्यांतील स्फटिकीकरण पात्रांतही हीच सूत्रे पाळली जातात: निववण्याचा वेग काबूत ठेवणे, योग्य क्षणी बीजस्फटिक टाकणे, एकसारखे ढवळणे आणि शेवटी नीट धुणे. घाईने निववलेला स्फटिक मळ पोटात घेऊनच वाढतो.

१९व्या शतकात चिलीचे नायट्रेट बाजारात आले आणि बिहारचा व्यापार ओसरला. मक्त्याची नोंद इतिहासात राहिली. ज्यांच्या हातांनी खडा निर्मळ केला, त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. भारतीय रसायनविद्येचा इतिहास लिहिताना ग्रंथांइतकेच या भट्ट्यांकडेही पाहावे लागेल.