मिर्झाराजांचा गालिचा

नोकरीच्या निमित्ताने ज्या मराठी कुटुंबांचा मुक्काम जयपुरास पडतो, त्यांना देशाकडून आलेल्या पाहुण्यांस अल्बर्ट हॉल दाखवावयास जावेच लागते. आम्ही राहतो आग्रा रस्त्यावर, कानोत्यास. तेथून रामनिवास बागेच्या किती फेऱ्या झाल्या, याची गणती मी ठेवलेली नाही.

१८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते या वास्तूची पायाभरणी झाली. पुढे डॉ. हेंडले यांच्या पुढाकाराने तिच्यात संग्रहालय आले व १८८७ मध्ये ते खुले झाले. जयपूरच्या कारागिरांनी देशोदेशींचे उत्तम काम डोळ्यांनी पाहावे, हा त्यामागील हेतू. पाहुण्यांची धाव मात्र इजिप्तच्या ममीकडे! २०२० च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीत तळघरात पाणी शिरले, तेव्हा काचपेटी फोडून ही दोन हजार वर्षांहून जुनी तुतू वाचवावी लागली.

माझे पाय खिळतात ते एका इराणी गालिच्यापाशी. गालिचा कसला, अंथरलेली बागच ती! मध्यभागी मंडप, चहूकडे पाण्याचे पाट, त्यांत मासे व बदके, काठाने वृक्षराजी. १९३७ मध्ये तो आमेरच्या राजवाड्यात सापडला. त्याच्यावरील नोंद १६३२ ची, म्हणजे शिवाजी महाराज दोन वर्षांचे असतानाची. त्या वेळी आमेरच्या गादीवर होते मिर्झाराजे जयसिंह.

मागील सुट्टीत साताऱ्याहून आलेल्या नातीने हे नाव ऐकताच विचारले, "आजोबा, आपले तेवीस किल्ले घेणारे तेच का हे?" चौथीच्या पुस्तकातील पुरंदरचा तह तिला मुखोद्गत होता. मी होय म्हटले. परंतु आग्र्यास महाराजांसाठी जामीन राहिले ते याच मिर्झाराजांचे पुत्र रामसिंह, आणि महाराज निसटल्यावर बादशहाची इतराजी त्यांनी सोसली, हेही सांगितले. स्वतः मिर्झाराजे दक्षिणेतून परतताना १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरास वारले; त्यांना आमेर पुन्हा दिसले नाही.

आणखी एक गोष्ट जिभेवर आली होती. आपल्या खंडणीच्या तगाद्यापायी जयपूरच्या ईश्वरीसिंहांनी १७५० च्या डिसेंबरात विष घेतले व पुढच्याच महिन्यात या शहरात मराठ्यांची कत्तल झाली. येथील शेजाऱ्यांच्या बैठकीत मी ती ऐकून घेतलेली आहे, मान खाली घालून. नातीला मात्र त्या दिवशी सांगवली नाही.

ती तोवर पाटांतील मासे मोजू लागली होती.