नळराजाचे फासे आणि करोडपतीची खुर्ची

नळदुर्गचा किल्ला पाहायला येणारी मंडळी पाणीमहाल पाहतात, पावसाळ्यात नर-मादी धबधबे पाहतात आणि परततात. आदिलशाहीत बोरी नदीवर घातलेला तो बंधारा आणि त्याच्या पोटातला महाल पाहण्यासारखा आहेच. पण आमच्या धाराशिव जिल्ह्यातले जुने लोक या गावाची आणखी एक ओळख सांगतात. हा किल्ला नळराजाचा, म्हणून नळदुर्ग. ही आख्यायिका आहे, आणि आख्यायिकेला कुणी पुरावा मागत नाही. फाशांपायी राज्य घालवलेल्या राजाचं नाव एवढ्या बळकट किल्ल्याला मिळावं, याची मला मात्र नेहमी गंमत वाटत आली आहे.

नळ हरला हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो पुन्हा जिंकला कसा, हे फारसं कुणी सांगत नाही. महाभारताच्या वनपर्वात ती कथा आहे. सगळं गमावलेला नळ अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. दमयंतीच्या स्वयंवराची बातमी ऐकून दोघं कुंडिनपुराकडे निघतात. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. (जुन्या काळी फासे म्हणून या बेहड्याचीच फळं वापरत.) ऋतुपर्ण नुसत्या नजरेनं सांगतो, या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २,०९५ फळं आहेत. नळ रथ थांबवतो, खाली उतरतो, मोजून पाहतो. हिशेब तंतोतंत जुळतो. मग सौदा होतो. नळ घोड्यांची विद्या देतो आणि बदल्यात फाशांची विद्या, अक्षहृदय, घेतो. ती विद्या मिळताच कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. म्हणजे आपल्या पूर्वजांना एवढं कळलं होतं, की फासे आणि मोजदाद यांचं काहीतरी नातं आहे. मोजणारा आणि खेळणारा एकच असेल तर कली टिकत नाही.

आमच्या घरी जुगार हराम. पत्त्यांचा कॅटसुद्धा उंबरठ्याच्या आत आला नाही. हिशेबाला मात्र कधी मनाई नव्हती, आणि हिशेब हा शब्दही आमच्याच अरबीतून मराठीत आलेला! त्यामुळे ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं आणि रात्री नऊला गल्ल्या ओस पडू लागल्या, तेव्हा माझं लक्ष प्रश्नांपेक्षा रकमांच्या शिडीकडे जास्त असे.

ही शिडी मूळची रेडिओची, हे आपल्याला आकाशवाणीवर सांगायला हवंच. १९४० साली अमेरिकेत ‘टेक इट ऑर लीव्ह इट’ नावाचा रेडिओ कार्यक्रम आला. एका डॉलरपासून दर प्रश्नाला दुप्पट होत सातव्या प्रश्नाला ६४ डॉलर. चुकलात तर हाती शून्य. इथला हिशेब सोपा आहे. रक्कम दुप्पट होणार आणि चुकल्यास सगळी जाणार असेल, तर निम्म्याहून जास्त खात्री असल्याशिवाय पुढं जाऊ नये.

आपल्या करोडपतीची शिडी जरा वेगळी होती. एक हजारापासून एक कोटीपर्यंत पंधरा पायऱ्या. सहा लाख चाळीस हजारांची दुप्पट बारा लाख ऐंशी हजार व्हायला हवी, पण पुढं कोटीचा गोल आकडा यावा म्हणून तिथं साडेबारा लाखच ठेवले होते. खरा फरक होता तो दोन पक्क्या पायऱ्यांचा. पाचव्या प्रश्नाचे दहा हजार आणि दहाव्या प्रश्नाचे तीन लाख वीस हजार. तिथं पोचलेला माणूस त्याच्या खाली येत नसे. म्हणजे अकराव्या प्रश्नाला उत्तर चुकलं तरी हाती तीन लाख वीस हजारच, आणि खेळ सोडला तरी तेवढेच. मग अकराव्या प्रश्नावर उठून जाणं हा निव्वळ हिशेबाचा घोटाळा. काहीच येत नसेल तर डोळे मिटून चारातला एक पर्याय सांगावा. तिथून पुढं मात्र धोका पायरीपायरीनं वाढतो. बाराव्या प्रश्नाला एक तृतीयांशाहून थोडी जास्त खात्री पुरते. कोटीच्या प्रश्नाला जवळजवळ निम्मी लागते, कारण चुकल्यास पन्नास लाखांवरून थेट तीन लाख वीस हजारांवर आपटायचं असतं.

आता नळाचा रथ ज्या कुंडिनपुराकडे निघाला होता, ते अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर असं मानतात. त्याच जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे २०१९ साली या खुर्चीवर बसल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या, महिना दीड हजार रुपये पगार. त्या एक कोटीपर्यंत पोचल्या. पुढचा प्रश्न सात कोटींचा होता. कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? उत्तर होतं बिहार. ताडेबाईंनी खेळ सोडला.

कोरं गणित काय म्हणतं? चार पर्यायांतला एक डोळे मिटून सांगितला, तर जिंकण्याची शक्यता चारात एक. सरासरी काढली तर येते सुमारे एक कोटी सत्त्याहत्तर लाख, म्हणजे हातातल्या कोटीपेक्षा बरीच जास्त. चौदा टक्के खात्रीसुद्धा पुरली असती. मग बाईंचं चुकलं का? माझ्या मते मुळीच नाही. चुकते ती सरासरी. स्वित्झर्लंडच्या डॅनियल बर्नुली या गणितज्ञानं १७३८ सालीच हे लिहून ठेवलं आहे. त्याचं उदाहरण असं : एका फाटक्या माणसाला सोडतीचं तिकीट सापडलं. त्यावर वीस हजार डुकाट मिळतील किंवा काहीच नाही, दोन्हींची शक्यता सारखी. सरासरी दहा हजार. त्यानं ते नऊ हजारांना विकलं तर तो मूर्ख ठरतो का? नाही. आणि धनवानानं ते नऊ हजारांना घ्यायला नकार दिला, तर तो मात्र मूर्ख. पैशाची किंमत पैसेवाल्याच्या खिशावर ठरते. दीड हजार पगारात एक कोटी व्हायला साडेपाचशे वर्षं लागतात. ती साडेपाचशे वर्षं पणाला लावून आणखी सहा कोटी मागणं, हे एखाद्या कारखानदाराला परवडेल. सरासरी हजार वेळा खेळणाऱ्यासाठी असते, आणि त्या खुर्चीवर माणूस आयुष्यात एकदाच बसतो.

खुर्चीवरच्या लोकांच्या हिशेबाची आपण घरबसल्या फार चिकित्सा करतो. तिकडे कोच ओलांडून आपल्याच हातातल्या मोबाइलवर काय चाललं होतं, ते पाहू. २००७ साली याच कार्यक्रमाच्या तिसऱ्या पर्वात ‘हर सीट हॉट सीट’ नावाची स्पर्धा होती. दर भागाला प्रेक्षकांसाठी एक सोपा प्रश्न, उत्तर एसएमएसनं पाठवायचं, बरोबर उत्तरांतून सोडत काढून एकाला दोन लाख. एका संदेशाला दोन रुपये चाळीस पैसे. आमच्या गल्लीतली पोरं एकाच भागाला चार-चार, पाच-पाच संदेश पाठवत. प्रश्न सोपा होता ना! सोपा होता म्हणूनच लाखो लोकांना येत होता, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

हे प्रकरण ग्राहकांच्या तक्रारीतून राष्ट्रीय आयोगापर्यंत गेलं. त्यात पुढं आलेले आकडे असे : सुमारे पाच कोटी ऐंशी लाख संदेश, त्यांचे जवळपास चौदा कोटी रुपये, आणि बावन्न भागांत वाटलेलं बक्षीस एक कोटी चार लाख. २००८ मध्ये आयोगानं वाहिनी आणि मोबाइल कंपनीला एक कोटीचा दंड केला. बक्षिसाची रक्कम संदेशांच्या पैशातूनच आली हे सिद्ध झालं नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं पुढं तो रद्द केला. कायद्याचा निवाडा तिथं संपला. गणित आपण करू शकतो. बक्षिसाला संदेशांनी भागा, एका संदेशाच्या वाट्याला अठरा पैसे येतात. दोनशे चाळीस पैसे देऊन अठरा पैशांची आशा विकत घ्यायची. आमच्या जत्रेत तीन पत्ते मांडून बसणारा यापेक्षा बरा भाव देतो, आणि तरी हवालदार आला की पळतो.

त्या पोरांपैकी एकाचं मोबाइलचं दुकान आहे आता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा मी त्याला हा अठरा पैशांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यानं तो दोनदा तपासला. मग म्हणाला, “चाचा, पण कुणाला तरी दोन लाख लागतच होते की.”