भुरीरोग आणि ‘म्लो’ जनुक : एका गुणविशेषाचा इतिहास (१९४२–२०२२)

पिकांच्या रोगप्रतिकारशक्तीविषयी अलीकडे जे लिहिले जाते त्यात एक गृहीतकृत्य वारंवार आढळते. जनुकसंपादनाचे तंत्र हाती आले, आणि त्यानंतर रोगास दाद न देणारी पिके निर्माण करण्याची कल्पना पुढे आली, असा क्रम सांगितला जातो. क्रिस्परचा मूळ शोधनिबंध २०१२ चा. तेव्हा इतिहासही २०१२ पासून सुरू करावयाचा, अशी ही रीत आहे. प्रस्तुत लेखात ज्या गुणविशेषाचा मागोवा घ्यावयाचा आहे त्याच्या बाबतीत हा क्रम बरोबर उलटा आहे. तो गुणविशेष तंत्राच्या आधी सत्तर वर्षे माहीत होता, आणि शेतात तर त्याच्याही कितीतरी आधीपासून नांदत होता. तंत्र आले ते त्याच्या शोधासाठी नव्हे, तर एका पिकातील गोष्ट दुसऱ्या पिकात घडवून आणण्यासाठी.

भुरी हा रोग महाराष्ट्रातील शेतकऱ्यास परका नाही. द्राक्ष, वाटाणा, आंब्याचा मोहोर, काकडी-भोपळ्याचे वेल ह्या सर्वांवर तो येतो. पानावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढुरका थर दिसू लागला की रोग ओळखावयास तज्ज्ञ लागत नाही. प्रत्येक पिकावरील बुरशी मात्र निराळी असते; द्राक्षावरील भुरी गव्हावर जात नाही. ह्या बुरशा जिवंत पेशींवरच जगतात. बीजाणू पानावर रुजतो, बाह्यत्वचेच्या पेशीची भित्तिका भेदतो आणि आत एक शोषकांग सोडून पेशीला न मारता तिचे अन्न ओढून घेतो. यजमान पेशी जिवंत राहणे ही बुरशीची गरज आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवली पाहिजे.

वनस्पतींची रोगप्रतिकारशक्ती मेंडेलच्या नियमांनुसार वारशाने उतरते, हे केंब्रिजच्या बिफेन ह्यांनी गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्यावरून १९०५ मध्ये दाखविले. त्यानंतरची अनेक दशके पैदासकारांचे काम एकाच चाकोरीत चालले : प्रतिकारक जनुक शोधावयाचे, ते संकराने चांगल्या वाणात आणावयाचे, आणि काही वर्षांनी बुरशीचा नवा वंश उद्भवून ते निष्प्रभ झाले की दुसरे शोधावयास लागावयाचे. हे असे का होते ह्याचे उत्तर नॉर्थ डकोटात जवसाच्या तांबेऱ्यावर काम करणाऱ्या फ्लोर ह्यांनी दिले. यजमानातील प्रत्येक प्रतिकारक जनुकास परोपजीवीत एक जोडीदार जनुक असते. ते बदलले की कुलूप उघडते. त्या संशोधनमालेतील एक महत्त्वाचा निबंध १९४२ चा आहे. त्याच वर्षी जर्मनीत असे काही प्रसिद्ध झाले की जे ह्या कुलूपकिल्लीच्या चौकटीत बसणारेच नव्हते. दोन्ही घटना एकाच वर्षी घडाव्यात हा निव्वळ योगायोग होय. त्यास अधिक अर्थ देण्याचे कारण नाही.

क्ष-किरणांनी वनस्पतींत उत्परिवर्तने घडवून आणता येतात हे अमेरिकेत मिझुरी येथील स्टॅडलर ह्यांनी सातूवरच, म्हणजे जवावर, प्रयोग करून १९२८ मध्ये सिद्ध केले होते. ह्या ज्ञानाचा व्यावहारिक उपयोग करण्याचे प्रयत्न ज्या थोड्या ठिकाणी चिकाटीने झाले त्यांपैकी हाले हे एक. तेथे फ्राइस्लेबेन आणि लाइन ह्यांनी ‘हाइसा’ ह्या भुरीस बळी पडणाऱ्या सातूच्या शुद्ध वाणावर क्ष-किरण सोडले आणि त्याच्या संततीतून भुरीस दाद न देणारे एक उत्परिवर्तित रोप वेगळे काढले. १९४२ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. युद्धाच्या ऐन धुमाळीत प्रसिद्ध झालेल्या ह्या छोट्या निवेदनाकडे जगाचे लक्ष फारसे गेले नाही, ह्यात नवल नाही.

ह्या प्रतिकारशक्तीचे लक्षण चमत्कारिक होते. ती अप्रभावी होती. दोन्ही पालकांकडून आल्याशिवाय प्रकट होत नसे. नेहमीची प्रतिकारक जनुके बहुधा प्रभावी असतात. शिवाय ती भुरीच्या कोणत्याही एका वंशापुरती मर्यादित नव्हती. अप्रभावी लक्षणाचा साधा अर्थ असा की येथे काही मिळालेले नाही, काही गमावलेले आहे. म्हणजे सातूच्या पेशीत अशी एखादी गोष्ट असली पाहिजे की जिच्यावाचून बुरशीला आत शिरता येत नाही. चोराने नवी किल्ली करावी, पण दारच भिंतीत बुजवून टाकले असेल तर किल्लीचा उपयोग काय? हा अर्थ आज आपणांस सहज दिसतो. तो पुराव्यानिशी मांडता येण्यास मात्र पुढे अर्धशतक जावे लागले.

येथे इथिओपियाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. आणि आमच्या मते ह्या कथेतील हाच भाग सर्वांत उपेक्षित राहिला आहे. १९३७–३८ च्या सुमारास जर्मन संशोधकांच्या तुकड्या त्या देशात बियाणे गोळा करण्यासाठी गेल्या होत्या. देश तेव्हा इटलीच्या ताब्यात होता. तेथील उंच पठारावर सातू हे प्राचीन आणि महत्त्वाचे धान्य आहे, आणि त्याचे स्थानिक वाण विविधतेने अत्यंत संपन्न आहेत. त्या संग्रहातील काही नमुन्यांत भुरीविरुद्ध जी शक्ती आढळली ती हाले येथील उत्परिवर्तनाच्याच जागी, त्याच जनुकात होती. ह्या जागेस पुढे ‘म्लो’ हे नाव रूढ झाले, आणि इथिओपियातील रूपास ‘म्लो-११’ असा क्रमांक मिळाला. म्लो-११ कसे निर्माण झाले ह्याचा उलगडा २००४ मध्ये झाला. मूळ जनुकाच्या अलीकडे त्याच जनुकाच्या तुकड्यांची एक लांब पुनरुक्ती घुसलेली आहे, आणि तिच्यामुळे मूळ जनुकाचे वाचन नीट होत नाही. हा बदल एकदाच, आणि तोही सातू माणसाळल्यानंतर घडला असावा असा पुरावा मिळाला. म्हणजे क्ष-किरणांनी प्रयोगशाळेत जे केले ते शेतकऱ्याच्या शेतात आधीच घडून गेले होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या बियाणे राखणाऱ्या हातांनी ते टिकविले होते. ह्या हातांची नावे कोणत्याही शोधनिबंधात नाहीत. १९७९ मध्ये म्लो-प्रतिकारक असा ‘आटेम’ हा वाण नेदरलँड्समधून आला. तो ह्या इथिओपियन रूपावर आधारलेला होता, क्ष-किरणांच्या रूपावर नव्हे. त्यानंतर युरोपात वसंत ऋतूत पेरल्या जाणाऱ्या सातूच्या वाणांत म्लोचा प्रसार झपाट्याने झाला. प्रयोगशाळेत निवड करून काही अंशी म्लोवर मात करणारी बुरशी मिळविता आली असली, तरी शेतात ही शक्ती कित्येक दशके टिकून राहिली. फ्लोरच्या कुलूपकिल्लीच्या अनुभवाशी तुलना करता हे असाधारण होय.

पहिल्या निवेदनापासून पहिल्या वाणापर्यंत सदतीस वर्षे का लागली? कारण ही देणगी फुकटची नव्हती. म्लो-सातूच्या पानांवर रोग नसतानाही करपल्यासारखे ठिपके पडतात, पाने लवकर पिकतात, आणि उत्पन्नास काही प्रमाणात बाध येतो. भुरीला पेशी जिवंत हवी असते. पण पेशी मारून तिच्यावर जगणाऱ्या काही बुरशांपुढे म्लो-सातू उलट अधिक दुबळा ठरतो, असेही पुढे दिसून आले. पैदासकारांनी अनेक वर्षे संकर आणि निवड करून ह्या उणिवा कमी करीत आणल्या. ह्या संथ कामास इतिहासात एखादे वाक्य मिळते. वस्तुतः त्याच्याशिवाय उत्परिवर्तन हे संग्रहालयातील वस्तू होऊन राहिले असते.

१९९७ मध्ये नॉर्विच येथील सेन्सबरी प्रयोगशाळेत शुल्झे-लेफर्ट ह्यांच्या नेतृत्वाखालील गटाने म्लो जनुक वेगळे करून वाचले. ह्या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या पटलात सात वेळा आरपार गेलेले असते. ते कार्यक्षम असेल तर बुरशीला पेशीभित्तिका भेदता येते. ते नसेल तर बुरशी जेथे टोचू पाहते तेथेच पेशी आतून भिंत जाड करते आणि आक्रमण तेथेच थबकते. त्यानंतर ध्यानात आले की म्लोचे भाईबंद सर्वच वनस्पतींत आहेत. पेरूतील वाटाण्याच्या वाणांत आढळलेल्या भुरीप्रतिकाराचे अप्रभावी वर्तन हार्लंड ह्यांनी १९४८ मध्ये वर्णिले होते. तेही म्लोचेच एक रूप असल्याचे २०११ मध्ये निष्पन्न झाले. टोमॅटोतील तशाच एका नैसर्गिक प्रतिकाराचे कोडे २००८ मध्ये असेच उलगडले होते. निरनिराळ्या खंडांत, निरनिराळ्या पिकांत, एकमेकांस अपरिचित असलेल्या शेतकऱ्यांनी एकाच जनुकाचा बिघाड उपयुक्त म्हणून जपला होता.

गव्हात मात्र तो कधी सापडला नाही. ह्याचे कारण गव्हाच्या घडणीत आहे. आपला रोजचा गहू षट्‌गुणित आहे; तीन निरनिराळ्या पूर्वजांचे जनुकसंच त्यात एकत्र नांदतात, आणि म्लोच्या प्रतीही तीन. एक प्रत बिघडली तरी उरलेल्या दोन काम चालवितात, आणि रोप पूर्वीप्रमाणेच भुरीस बळी पडते. त्यामुळे एका प्रतीतील बिघाड डोळ्यांस दिसतच नाही. जो दिसत नाही तो निवडणार कसा? तिन्ही प्रती एकाच रोपात दोन्ही बाजूंनी आपोआप बिघडण्याची शक्यता इतकी क्षीण आहे की क्ष-किरणांनी कितीही बियाणे भाजले तरी आशा ठेवण्यात अर्थ नव्हता. जनुकसंपादनाची गरज प्रथम येथे, ह्या नेमक्या अडचणीपाशी निर्माण होते.

२०१४ मध्ये बीजिंग येथील चिनी विज्ञान अकादमीच्या संस्थांत गाओ त्साइश्या आणि चिउ जिनलाँग ह्यांच्या गटांनी गव्हाच्या तिन्ही प्रती एकाच वेळी निकामी करून दाखविल्या, आणि ती रोपे भुरीस दाद देईनाशी झाली. ह्या कामी मुख्यतः वापरलेले साधन ‘टॅलेन’ हे होते. क्रिस्परचा उपयोग त्या प्रबंधात एकाच प्रतीपुरता होता. टॅलेनचा उगम पाहू गेल्यास एक गमतीची गोष्ट हाती लागते. झँथोमोनास नावाचे रोगकारक जिवाणू वनस्पतीच्या पेशीत काही प्रथिने सोडतात, आणि ती प्रथिने यजमानाच्या जनुकांतील ठराविक जागा ओळखून तेथे बसतात. ही ओळख कोणत्या संकेताने होते हे २००९ मध्ये उलगडले. दोन गटांनी ते स्वतंत्रपणे सोडविले. त्यांपैकी एक हालेच्या विद्यापीठातील होता. ज्या गावात म्लोचे पहिले उत्परिवर्तन सापडले, त्याच गावात ते गव्हात उतरविण्याच्या हत्याराची लिपी वाचली गेली. आणि हे हत्यार रोगजंतूकडूनच उसने घेतलेले.

अशा कामांचा प्रत्यक्ष भार कोण वाहतो, हेही नोंदविण्याजोगे आहे. पेशीसंवर्धन, शेकडो रोपांची जनुकतपासणी, पिढ्यामागून पिढ्या बियाणे वाढवून पाहणे हे काम बहुतांशी डॉक्टरेटचे विद्यार्थी आणि डॉक्टरेटोत्तर अल्पमुदतीच्या जागांवरील तरुण संशोधक करतात. गव्हाच्या एका पिढीला लागणारा काळ आणि शिष्यवृत्तीची मुदत ह्यांचा मेळ सहसा बसत नाही.

त्यानंतरचा वाद शास्त्राचा नसून कायद्याचा आहे. २५ जुलै २०१८ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की नव्या तंत्रांनी जनुकात बदल केलेली पिके जनुकपरिवर्तित जीवांच्या कायद्याखाली येतात. क्ष-किरण वा रसायने ह्यांसारख्या ज्या रीती दीर्घकाळ निर्धोकपणे वापरात आहेत त्यांना मात्र सूट आहे. ह्या निर्णयाने म्लोची विचित्र अवस्था झाली. क्ष-किरणांनी अंदाजाने घडविलेला, सोबत इतर किती जागा बिघडल्या ह्याचा हिशेब नसलेला सातू मोकळा. आणि नेमक्या जागी तोच बिघाड केलेला गहू बंधनात. न्यायालयाचा आधार दीर्घ अनुभवाचा होता, आणि तो अगदीच फोल म्हणता येणार नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास एवढे तरी विचारता येईल की हा अनुभव पद्धतीचा मोजावयाचा की फळाचा? युरोपीय आयोगानेच २०२३ मध्ये नियम सैल करण्याचा प्रस्ताव मांडला. भारतात पर्यावरण मंत्रालयाच्या ३० मार्च २०२२ च्या ज्ञापनाने, परके जनुक शिल्लक न ठेवणाऱ्या संपादित वनस्पतींच्या दोन वर्गांना १९८९ च्या नियमांतील काही कलमांतून वगळले.

म्लोची जुनी किंमत गव्हातही चुकली नाही. तिन्ही प्रती निकामी झालेल्या गव्हाची पाने पिवळी पडत, रोपे खुजी राहत आणि उत्पन्न घटे. गाओ आणि चिउ ह्यांच्या गटांना आपल्याच रोपांत ‘आर-३२’ हा एक वेगळा वंश आढळला. तो भुरीस दाद देत नव्हता, आणि त्याची वाढ व उत्पन्नही उणे नव्हते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याचे कारण दिले आहे. त्या रोपात एका प्रतीच्या जागी नेमका छोटा छेद जाण्याऐवजी सुमारे तीन लाख चार हजार अक्षरांचा तुकडाच गळून गेला होता. त्यामुळे गुणसूत्राच्या त्या भागाची घडी बदलली, आणि शेजारचे, शर्करा वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे एक जनुक जागे झाले. तेच वाढीतील तूट भरून काढीत होते. नेमकेपणाचा एवढा बोलबाला झालेल्या तंत्राचे हे सर्वांत उपयुक्त फळ अपेक्षेबाहेरच्या छेदातून आले. तो हेरणाऱ्या नजरेची जात फ्राइस्लेबेन-लाइन ह्यांच्या नजरेचीच म्हणावयास हवी. नंतर तोच बदल त्यांनी संपादनानेच थेट निवडक उत्तम वाणांत घडवून आणला. संकराच्या मार्गाने ह्यास कित्येक वर्षे लागली असती.

आपल्याकडे ह्या इतिहासाचा सर्वांत जवळचा धागा गव्हाचा नसून द्राक्षाचा आहे. द्राक्षवेलीतही म्लोचे अनेक भाईबंद आहेत, आणि २०२० मध्ये चीनमधील संशोधकांनी त्यांपैकी एक क्रिस्परने निकामी करून भुरीचा जोर कमी झाल्याचे दाखविले. प्रयोगासाठी घेतलेला वाण ‘थॉमसन सीडलेस’ होता. नाशिक-सांगलीच्या बागांतील ‘तास-ए-गणेश’ ही त्याच थॉमसनमधून झालेली निवड आहे, आणि भुरीसाठी गंधक मारणे हा तेथील बागाईतदाराच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. त्या संपादित वेलींपैकी काहींच्या पानांवर, भुरी नसतानाही, पेशी मरून अकाली पिकण्याची चिन्हे दिसली. द्राक्षात ‘आर-३२’ सारखा वंश अद्याप कोणी दाखविलेला नाही.