माती खचू लागल्यावर उरतात ते तास

मातीचे धरण फुटण्याआधी खचते, चिरते, झिरपते. पहिले चिन्ह दिसल्यापासून भिंत वाहून जाईपर्यंत जेवढा वेळ मिळतो, तेवढाच खालच्या वस्तीच्या हाती असतो. पुणे जिल्ह्यात 1961 साली तो एका अख्ख्या रात्रीहून जास्त मिळाला होता. कोकणात 2019 साली, धरण भरून वाहू लागल्यावर, तो एका संध्याकाळीच संपला. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या जुन्या तलावांखाली राहणाऱ्यांनी हे दोन्ही घटनाक्रम शेजारी ठेवून वाचावेत.

पानशेत, 1961

पावसाळ्याच्या तोंडावर : आंबी नदीवरच्या या मातीच्या धरणाचे काम मुळात 1962 मध्ये पुरे व्हायचे होते. ते वर्षभर आधी उरकण्याची घाई झाली. पाणी सोडण्याच्या मोरीचे आणि दरवाजांचे काम अपुरे असतानाच पाणी अडले. मोरीच्या काँक्रीटला लोखंडी सळ्यांचा आधार नव्हता.

11 जुलै, मंगळवार : धरण भरत चालले. अर्धवट दरवाजांखालून मोरीत शिरणारे पाणी उसळ्या मारत होते. त्या माराने मोरी ढासळू लागली आणि तिच्यावरचा मातीचा भराव खचत गेला.

11 जुलै, रात्र : लष्कराचे जवान भर पावसात वाळूच्या पोत्यांनी खचलेला माथा उंच करत राहिले. त्यांनी रात्रभर धरण तोलून धरले. याच रात्री पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा निवांत झोपल्या होत्या. शहर रिकामे करण्याचा इशारा काही आला नाही.

12 जुलै, पहाट : पाणी माथ्याला टेकले. मातीच्या भिंतीवरून पाणी वाहू लागले की ती कापली जाते. मग पोती पुरत नाहीत.

12 जुलै, सकाळी सातनंतर : पानशेत फुटले. लोंढा खालच्या खडकवासल्यावर आदळला.

सकाळ ते दुपार : 1879 च्या सुमारास बांधलेले खडकवासल्याचे दगडी धरण पाणी माथ्यावरून जात असतानाही काही तास टिकले. त्या तासांत अनेकांना घराबाहेर पडता आले. दुपारच्या सुमारास तेही फुटले. लकडी पूल बुडाला, काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली.

तिवरे, 2019

पावसाळ्यापूर्वी : चिपळूण तालुक्यातले हे लघु पाटबंधाऱ्याचे मातीचे धरण गळत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी केल्या होत्या. त्यावर माती टाकून डागडुजी झाली.

2 जुलै, संध्याकाळ : मुसळधार पावसात धरण भरून वाहू लागले. भेंदवाडी धरणाच्या अगदी पायथ्याशी होती.

2 जुलै, रात्री साडेनऊच्या सुमारास : भिंत फुटली. अंधारात, जेवणाच्या वेळी वाडीतली घरे वाहून गेली. वीसहून अधिक माणसे दगावली.

3 जुलै : राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या हाती राहिले ते मृतदेह शोधण्याचे काम.

पानशेतपासून पुणे सुमारे चाळीस किलोमीटरवर होते, आणि मध्ये खडकवासला उभे होते. भेंदवाडी आणि धरण यांच्यामध्ये काहीच नव्हते. धरण लहान म्हणून धोका लहान, ही समजूत इथे खोटी ठरते. लहान धरणात पाणी कमी असते, पण वस्ती जवळ असते आणि भिंतीवर रात्री कुणी पहारेकरी नसतो.

बारामती-इंदापूर

शिर्सुफळ, भादलवाडी, शेटफळ हवेली हे ब्रिटिश काळातले तलाव. आपल्याला ते दुष्काळात आठवतात. तलाव भरला की गाव खूश होते. पण ऑक्टोबर 2020 मध्ये इंदापूरने ओढ्यांचा पूर पाहिला. 25 मे 2025 रोजी बारामतीजवळ पिंपळी-लिमटेक इथे नीरा डावा कालवा फुटला. मान्सूनपूर्व तपासणीच्या महिन्यातच आभाळ फाटले. पाऊस जूनची वाट पाहत नाही, हे आता पक्के झाले आहे.

2021 चा धरण सुरक्षा कायदा पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक करतो. मात्र तो पंधरा मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींवर दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना लागू आहे. त्याखालचे गावतलाव आणि पाझर तलाव या कायद्याबाहेर आहेत. त्यांचे घड्याळ गावालाच लावावे लागेल.

एप्रिल : भिंतीवरची वेडी बाभूळ काढायची. मोठी झाडे मुळासकट उपटून मोकळे व्हायचे नाही. मुळांच्या जागी पोकळी उरते. ती पाटबंधाऱ्याच्या अभियंत्याच्या देखरेखीखाली भरून, दाबून घ्यायची. घुशींची बिळे आणि निसटलेले पिचिंगचे दगड यांची नोंद करायची.

मेचा पहिला आठवडा : सांडवा मोकळा करायचा. सांडव्यात मुरूम टाकून पाणी जास्त अडवणे किंवा तिथे अतिक्रमण करणे म्हणजे पाण्याला भिंतीवरून वाट काढून देणे.

तलाव भरताना : भिंतीचा पायथा रोज पाहायचा. स्वच्छ पाझर दिसला तर जागा खुणावून मोजमाप ठेवायचे. तो वाढला तर त्याच दिवशी कळवायचे.

पाझर गढूळ झाला, माथा खचला किंवा लांब चीर पडली तर : भिंतीतली माती वाहून किंवा सरकून चालली आहे. या घडीला अर्ज नको. पाटबंधारे शाखा आणि तहसील कार्यालयाला फोन करायचा, देवळाच्या भोंग्यावरून पुकारा करायचा आणि ओढ्याकाठची घरे रिकामी करायची, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

दुसऱ्या दिवशी भिंत शाबूत दिसली आणि लोक हसले, तर हसू द्यावे. पानशेतच्या रात्री पुण्याला कुणी उठवले नाही आणि तिवऱ्यात तक्रारीला उत्तर म्हणून माती टाकली गेली. आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा : तलावाची भिंत शेवटची कुणी आणि कधी पाहिली? उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी चार जण मिळून भिंतीवर जा.