जळोची आणि बारामतीची हद्द : नोकरदार कुटुंबाच्या वसतिस्थानाचा प्रश्न

महाराष्ट्रातील उपनगरांचा इतिहास बहुधा लोहमार्गाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. 1853 साली मुंबई व ठाणे यांच्या दरम्यान आगगाडी धावू लागली आणि पुढील शतकात मुंबईच्या नोकरदाराने घर कोठे करावे, हे गाडीच्या वेळापत्रकाने ठरविले. हे माप तालुक्याच्या गावाला लावू पाहणारा अभ्यासक मात्र फसतो. बारामतीलगतच्या जळोचीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. बारामती शहर, जळोची, तांदूळवाडी आणि रुई यांमधील अंतरे इतकी थोडी आहेत, की केवळ अंतराच्या आधारे त्यांपैकी एकाची निवड करण्याचे कारणच उरत नाही. तरीही कुटुंबे निवड करीत आली. ती कशाच्या आधारे, हा खरा प्रश्न होय.

जुन्या बारामतीत हा प्रश्नच नव्हता. कऱ्हेकाठच्या या कसब्यात बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाला पन्हाळ्याहून आलेले मोरोपंत (1729–1794) राहिले, कारण जेथे आश्रयदाता तेथेच बिऱ्हाड, अशी ती रीत होती. व्यवसाय आणि घर यांच्यात रोजचा प्रवास शिरलेला नव्हता. 1865 साली येथे नगरपालिका स्थापन झाली, त्या वेळी तिने आखलेली हद्द ही राहणारांची तशीच उद्योग करणारांचीही हद्द होती.

या हद्दीबाहेर जमिनीची प्रतवारी बदलली ती नीरा डाव्या कालव्यामुळे. 1876–78 च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर आकारास आलेला हा कालवा 1885 साली पुरा झाला. कालव्याचे पाणी उताराच्या बाजूलाच वाहते, ही साधी गोष्ट येथे निर्णायक ठरली. कालव्याखालील, म्हणजे नीरेकडील जमीन बागायत झाली, ऊस आला, पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कालव्यावरील, म्हणजे उत्तरेकडील जमीन जिरायतच राहिली. एका तालुक्याची अशी दोन रूपे झाली आणि आजही तालुक्याच्या राजकारणात ‘जिरायती भाग’ हा शब्दप्रयोग त्याच अर्थाने चालतो. वसाहतीच्या इतिहासाच्या दृष्टीने याचा परिणाम उलटा झाला, असे म्हणावे लागते. उसाचे शिवार कोणी सहजासहजी घरांसाठी सोडीत नाही. ज्या माळाला पाणी मिळाले नाही, तोच माळ पुढे कारखान्यांना व घरांना मोकळा सापडला. शेतीच्या दृष्टीने जे उणे, ते वसाहतीच्या दृष्टीने अधिक ठरले.

दौंड–बारामती हा अरुंदमापी फाटा 1914 साली सुरू झाला व कालांतराने रुंदमापी झाला. परंतु त्याने उपनगर निर्माण केले नाही. बारामती हे त्याचे शेवटचे स्थानक, आणि पुणे रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर. इतक्या अंतरावर नित्य जाऊन येणारा वर्ग मोठा होणे शक्यच नव्हते.

नित्य प्रवास करणारे कुटुंब येथे आले ते दुसऱ्याच वाटेने. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि कालांतराने बारामतीनजीक त्याची वसाहत उभी राहिली. 1972 साली विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले व भिगवण रस्त्यावर त्याचा शैक्षणिक परिसर विस्तारला. 1990 च्या दशकाच्या अखेरीस पियाजिओचा तीनचाकी वाहनांचा कारखाना आला. पाळीवर जाणारा कामगार, प्राध्यापक, कचेरीतील कारकून यांना दुचाकीवरून पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येईल असे घर हवे होते. जनगणनेचे आकडे या संदर्भात बोलके आहेत. 2001 साली नगरपालिका हद्दीत सुमारे 51 हजार लोकसंख्या होती, 2011 साली ती सुमारे 54 हजार झाली. त्याच दशकात पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 30 टक्क्यांनी वाढली. उद्योग व शिक्षण यांची भरभराट होत असता शहर मात्र जेमतेम तीन हजारांनी वाढते, याचा सयुक्तिक अर्थ एकच : वाढ हद्दीबाहेर गेली होती.

हद्दीबाहेर जाणे म्हणजे निराळ्या कायद्याच्या अमलाखाली जाणे. शहरातील घराला मालमत्ता पत्रक, नगरपालिकेचा नळ व नगरपालिकेची पट्टी. गावातील घराला ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मधील नोंद व त्यामानाने हलकी घरपट्टी. जागा स्वस्त होती. पण तिच्या स्वस्ताईचा काही भाग कागदांच्या अपुरेपणातून आलेला असे. 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे बिगरशेती परवानगी असलेला भूखंड महाग पडे. तशी परवानगी नसलेला गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा परवडे, परंतु 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे त्याची स्वतंत्र खरेदी होत नसे. मग अनेकांनी मिळून सामाईक खरेदीखत करावयाचे आणि सातबाऱ्यावर नावांची रांग लावावयाची, ही वाट सर्वत्र रूढ झाली. अशा तुकड्यावर बँक कर्ज देण्यास कचरते. आयुष्याची पुंजी घालणाऱ्या कुटुंबापुढे म्हणून जळोची की तांदूळवाडी असा प्रश्न वरकरणी असला, तरी आत तो उतारा कोणता, पाणी कोणाचे आणि हद्द कधी सरकणार, असा होता. ‘शहरात येणार’ ही वदंता भूखंडाच्या किमतीत आधीच मिसळलेली असे, हे विसरता येत नाही.

2012 साली हद्द सरकली. जळोची, तांदूळवाडी, रुई व बारामती ग्रामीण हे भाग नगरपालिकेत समाविष्ट झाले. भूखंडधारकाला अपेक्षित तेच घडले. मूळ ग्रामस्थाच्या दृष्टीने मात्र ग्रामपंचायत गेली आणि 1958 च्या कायद्याने दिलेली ग्रामसभाही गेली. ज्या सभेत उभे राहून सरपंचाला जाब विचारता येई, तिची जागा प्रभागातील एका मताने घेतली. पुणे महानगरपालिकेच्या इतिहासात हाच ताण मोठ्या प्रमाणावर दिसतो : 1997 साली घेतलेल्या गावांपैकी काही पुढे वगळण्यात आली, आणि 2017 व 2021 साली पुन्हा गावे आत घेण्यात आली. उपनगराचा इतिहास केवळ नवागतांच्या बाजूने लिहिला की ही दुसरी बाजू गळून पडते.

हद्द बदलली, म्हणून कागद बदलतोच असे नाही. 2001 च्या गुंठेवारी अधिनियमाने 1 जानेवारी 2001 पर्यंतचे भूखंड नियमित करण्याची सोय केली होती. औद्योगिक वसाहत भरात आल्यानंतर, 2005 च्या सुमारास, सामाईक खरेदीखतावर घर बांधणारे कुटुंब त्या तारखेच्या पलीकडे पडत होते. नगरपालिकेत समावेश होऊनही त्या तारखेत फरक पडला नाही. 2021 च्या दुरुस्तीने ती 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे नेली, तेव्हा कोठे अशा कुटुंबाला अर्ज करण्याचा मार्ग मोकळा झाला. तोपर्यंत घर बांधताना शाळेत जाणारी मुले स्वतः नोकरीला लागली होती.