मुलकी, गैरमुलकी आणि कुटुंब

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत कुंभार पिंपळगांव हें गांव आहे. समर्थ रामदासांचें जन्मस्थान जें जांब, तें याच टापूंत. दक्षिणेस कांहीं कोसांवर गोदावरी वाहते. या गांवांत १९३० च्या सुमारास जन्मलेल्या माणसानें आयुष्यांत शीव ओलांडली नसली, तरी त्याचें राज्य मात्र पुनःपुन्हां बदललें. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाचा प्रजाजन होता. २६ जानेवारी १९५० रोजीं तो भारतीय प्रजासत्ताकाचा नागरिक झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं त्याचें गांव हैदराबाद राज्यांतून मुंबई राज्यांत आलें, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. घर तेंच, विहीर तीच, मुलूख मात्र निराळा.

जो जागचा हलला नाहीं त्याची ही कथा. मग जो बायकामुलांना घेऊन परमुलखास गेला, त्याची काय असेल? कुटुंब एकत्र निघतें. परंतु सरहद्दीवरचा अधिकारी प्रत्येकाचा कागद निराळा पाहतो. पतीला राहण्याची परवानगी मिळाली म्हणून पत्नीला ती मिळतेच काय? परमुलखांत जन्मलेलें मूल कोणत्या राज्याचें? आज या प्रश्नांना जोडीदाराचा व्हिसा आणि मुलांचें नागरिकत्व अशीं नांवें आहेत. नांवें नवीं असलीं तरी प्रश्न जुना आहे, आणि मराठवाड्यानें तो आपल्या दारांतच पाहिलेला आहे.

विक्षिप्त माणसाला मराठींत 'मुलखावेगळा' म्हणतात. निजामाच्या राज्यांत मुलखावेगळेपणा ही नुसती चेष्टेची बाब नव्हती. ती सरकारी दप्तरांतील अडचण होती. पहिले सालारजंग यांच्या कारभारांत उत्तर हिंदुस्थानांतून अनेक सुशिक्षित माणसें हैदराबादेस नोकरीसाठीं आलीं. पुढें १८८४ च्या सुमारास फारशीच्या जागीं उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली, आणि या मंडळींचें वजन आणखी वाढलें. मूळच्या रहिवाशांना वाटूं लागलें कीं, मुलूख आपला आणि नोकऱ्या मात्र परक्यांच्या. या असंतोषांतून 'मुलकी' आणि 'गैरमुलकी' हा भेद उभा राहिला, आणि १९१९ मध्यें सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानानें मुलकी नियम ठरले. निजामाच्या खास मंजुरीवांचून गैरमुलकी माणसाला राज्याच्या नोकरींत घेऊं नये, असा त्यांचा आशय होता.

मुलकी कोण, याची व्याख्या लक्षांत घेण्याजोगी आहे. जो जन्मानें राज्याचा प्रजाजन, तो मुलकी. जो पंधरा वर्षें राज्यांत कायम राहिला, मूळ ठिकाणीं परतण्याचा विचार ज्यानें सोडला, आणि तसें प्रतिज्ञापत्र ज्यानें मॅजिस्ट्रेटपुढें केलें, तोही मुलकी. ज्याच्या जन्मकाळीं बाप सरकारी नोकरींत असून त्याची पंधरा वर्षांची सेवा पुरी झालेली होती, तो मुलकी. आणि शेवटीं, मुलकी पुरुषाची जी पत्नी, ती मुलकी. जन्मानें प्रजाजन कोणास म्हणावें याचाही खुलासा होता. जन्मकाळीं ज्याचा बाप मुलकी, तो जन्मानें प्रजाजन. या खुलाशांत आईचा उल्लेख नव्हता.

हा नियम घरांत शिरला म्हणजे काय होई, तें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतून, म्हणजे इंग्रजी अमलांतून, एक शिक्षक पत्नी आणि दोन वर्षांचा मुलगा यांसह निजामाच्या मुलखांत येऊन एखाद्या खासगी शाळेंत राहिला. पंधरा वर्षें लोटलीं, प्रतिज्ञापत्र झालें, आणि तो मुलकी ठरला. त्याच्या मागोमाग पत्नीही मुलकी ठरली. त्यानंतर त्यांना दुसरा मुलगा झाला, तो जन्मतःच मुलकी. परंतु थोरल्याच्या जन्मकाळीं बाप गैरमुलकी होता. नियमाच्या अक्षराप्रमाणें पाहतां, एका ताटांत जेवणाऱ्या दोघां भावांपैकीं धाकटा जन्मानें प्रजाजन, आणि थोरल्याला मात्र आपल्या वास्तव्याचा पुरावा स्वतः मांडावा लागणार. याउलट नगरकडची एखादी मुलगी कुंभार पिंपळगांवच्या मुलकी घरांत सून म्हणून आली, तर अंगावर अक्षता पडतांच ती मुलकी. पतीला जें पंधरा वर्षांनीं मिळे, तें तिला एका मुहूर्तावर मिळे. परंतु तें तिचें स्वतःचें नसे. लग्नानें गोत्र बदलतें तसा मुलूखही बदले, आणि दोन्ही पतीच्या नांवावर राहत.

यांत निजामाचें राज्य जगावेगळें नव्हतें. १९१४ च्या ब्रिटिश कायद्यानेंही ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ती ब्रिटिश आणि परकीयाची पत्नी ती परकीय, असेंच ठरविलें होतें. त्या काळच्या पासपोर्टांत पत्नी आणि मुलें यांची नोंद पुष्कळदां पतीच्याच पुस्तिकेंत होत असे. संस्थानी मुलखांतील माणूस परदेशीं निघाला तर तो ब्रिटिश प्रजाजनही नसे. 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ति' असा त्याचा दर्जा असे. म्हणजे कुंभार पिंपळगांवची गृहिणी परदेशीं गेली असती, तर तिची ओळख पतीच्या आधारावर, आणि पतीची ओळख ब्रिटिशांच्या संरक्षणाच्या आधारावर उभी राहिली असती.

असल्या आधाराचा धोका दक्षिण आफ्रिकेंत उघड झाला. तेथें मजुरीच्या करारानें गेलेल्या हिंदी लोकांवर नाताळ प्रांतांत दर वर्षीं तीन पौंडांचा कर होता. करार संपल्यावर जो तेथेंच राही, त्यानें तो द्यावयाचा. कर नुसत्या पुरुषावर नव्हता. पत्नीवर होता, सोळा वर्षांवरील मुलावर होता आणि तेरा वर्षांवरील मुलीवरही होता. चौघांच्या मजूर कुटुंबाला त्यापायीं वर्षाला बारा पौंड भरावे लागत. नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत तेथें गेले, त्या वेळीं त्यांच्या बोलण्यांतील हा एक मुख्य विषय होता.

पुढच्याच वर्षीं याहून मोठा आघात झाला. बाई मरियम नांवाची स्त्री आपल्या पतीकडे जाण्यासाठीं आफ्रिकेंत आली असतां तिला उतरूं दिलें नाहीं. १४ मार्च १९१३ रोजीं केपच्या न्यायालयांत न्यायमूर्ति सर्ल यांनीं निकाल दिला कीं, ज्या धर्मांत पुरुषाला एकाहून अधिक विवाह करण्याची मोकळीक आहे, त्या धर्माच्या विधीनें झालेला विवाह तेथील कायद्याला मान्य नाहीं. त्या काळीं हिंदु धर्मशास्त्रालाही हेंच लागू होतें. त्यामुळें हजारों हिंदी कुटुंबांतील पत्नी कायद्याच्या दृष्टीनें पत्नी उरली नाहीं, आणि मुलें औरस उरलीं नाहींत. जिचा प्रवेश पतीच्या नात्यावर अवलंबून, तिचें तें नातेंच न्यायालयानें पुसून टाकलें.

या निकालानें स्त्रिया सत्याग्रहांत उतरल्या. सप्टेंबर १९१३ मध्यें कस्तुरबा गांधी व त्यांच्या सोबतची मंडळी परवाना न घेतां नाताळमधून ट्रान्सव्हालच्या हद्दींत शिरली. त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढें कोळशाच्या खाणींतील मजुरांनीं संप केला, चौकशीमंडळ नेमलें गेलें, आणि १९१४ मध्यें हिंदी लोकांच्या दुःखनिवारणाचा कायदा होऊन तीन पौंडांचा कर रद्द झाला. एका पतीची एक पत्नी आणि तिचीं अल्पवयी मुलें यांचा प्रवेशाचा हक्क मान्य झाला.

एक पत्नी आणि तिचीं मुलें, हें सूत्र पुढें साम्राज्यभर गेलें. १९१८ च्या साम्राज्य युद्ध परिषदेंत असा ठराव झाला कीं, इतर वसाहतींत कायम वसलेल्या हिंदी माणसाला आपली पत्नी व अल्पवयी मुलें आणतां यावीं. मात्र प्रत्येकीं एकच पत्नी असावी, आणि ती त्याची कायदेशीर पत्नी व तीं त्याचीं कायदेशीर मुलें आहेत असा दाखला हिंदुस्थान सरकारनें द्यावा. आजच्या जोडीदार-व्हिशाची सारी मांडणी या ठरावांत बीजरूपानें दिसते. नातें खरें असून भागत नाहीं. तें दाखल्यानें सिद्ध व्हावें लागतें. आणि अडचणही तेथेंच होती. आपल्याकडे लग्न म्हणजे याद्या, मुहूर्त, भटजी आणि मांडवांतले साक्षीदार. लग्न साऱ्या गांवाला ठाऊक असे. पण सरकारी दप्तराला तें क्वचितच ठाऊक असे.

अमेरिकेंत याच गोष्टीची दुसरी बाजू दिसली. तेथें १९२२ च्या कायद्यानें विवाहित स्त्रीला स्वतंत्र नागरिकत्व दिलें. परंतु जो परकीय अमेरिकन नागरिक होण्यास अपात्र, त्याच्याशीं विवाह करणारी अमेरिकन स्त्री आपलें नागरिकत्व गमावीत असे. १९२३ मध्यें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें हिंदी माणसें नागरिकत्वास अपात्र ठरविलीं, आणि आधीं नागरिक झालेल्यांचेही दाखले परत घेण्याचा उद्योग सरकारनें आरंभिला. सखाराम गणेश पंडित हे लॉस एंजेल्स येथील हिंदी वकील १९१४ मध्यें अमेरिकन नागरिक झाले होते, व त्यांची पत्नी अमेरिकन होती. आपलें नागरिकत्व काढून घेतल्यास निरपराध पत्नीचेंही जाईल, हा मुद्दा त्यांनीं न्यायालयापुढें मांडला. १९२६ मध्यें अपील न्यायालयानें निकाल पंडितांच्या बाजूनें दिला. पतीचा कागद वांचला म्हणून पत्नीचाही वांचला. स्त्रियांवरील ही आपत्ति १९३१ च्या दुरुस्तीनें दूर झाली.

भारत स्वतंत्र झाल्यावर राज्याराज्यांचे मुलूख जाऊन एकच नागरिकत्व आलें. घटनेच्या सोळाव्या कलमानें जन्मस्थान किंवा रहिवास यांवरून सरकारी नोकरींत भेद करण्यास मनाई केली. मात्र रहिवासाची अट घालण्याची सवड संसदेला ठेवली. तेलंगणांत मुलकी नियमांचा वाद पुढेंही चालला, आणि ३ ऑक्टोबर १९७२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ते नियम तेथें अद्याप अमलांत असल्याचें सांगितलें, तेव्हां मोठी चळवळ उसळली. मराठवाडा त्यापूर्वींच, १९५६ मध्यें, त्या राज्यांतून बाहेर पडला होता.

तथापि मुलकी नियमांतील बापाचें माहात्म्य लगेच संपलें नाहीं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानें परदेशीं जन्मलेल्या मुलाला वंशपरंपरेनें नागरिकत्व मिळण्याची जी वाट ठेवली, ती केवळ बापाकडून होती. कुंभार पिंपळगांवची मुलगी परदेशी नागरिकाशीं विवाह करून तिकडे राहिली आणि तिला तेथें मूल झालें, तर आईच्या नात्यानें तें भारतीय ठरत नसे. ही वाट आईकडूनही मोकळी होण्यास १० डिसेंबर १९९२ हा दिवस उजाडावा लागला. विवाहाच्या आधारावर नोंदणीनें नागरिक होण्याची तरतूद मूळ कायद्यांत भारतीयाच्या पत्नीसाठीं होती, भारतीय स्त्रीच्या पतीसाठीं नव्हती. १९८६ च्या दुरुस्तीनें 'स्त्रिया' या शब्दाच्या जागीं 'व्यक्ति' हा शब्द आला, आणि तो भेद मिटला. एका शब्दाच्या पालटाला एकतीस वर्षें लागलीं.

आज कुटुंबासह परदेशीं जाणाऱ्यानें हा इतिहास व्यवहार म्हणून वाचावा. विलायतेंत १९८३ पासून नुसत्या जन्मानें नागरिकत्व मिळत नाहीं; आई किंवा बाप तेथील नागरिक अथवा कायमचा रहिवासी असावा लागतो. भारतीय आईबापांचें मूल परदेशीं जन्मलें, तर त्याला भारतीय नागरिक ठेवण्यासाठीं एका वर्षाच्या आंत वकिलातींत नोंद करावी लागते, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाहीं असें आईबापांना लिहून द्यावें लागतें. मुदत टळल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. भारतीय नागरिकत्व सोडल्याची घोषणा बापानें किंवा आईनें केली, तर अल्पवयी मुलाचेंही नागरिकत्व जातें. मात्र सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आंत त्याला तें परत मागतां येतें. अमेरिकेंत नोकरीच्या व्हिशावर गेलेल्या माणसाच्या पत्नीचें आणि मुलांचें राहणें त्याच्या नोकरीवर अवलंबून असतें, आणि आश्रित मूल एकवीस वर्षांचें झालें कीं आईबापांच्या व्हिशाची छाया त्याच्यावरून सरते.

म्हणून घर सोडण्यापूर्वीं प्रत्येक घरानें एक प्रश्न विचारावा. आपल्यापैकीं कोणाचा कागद कोणाच्या कागदावर उभा आहे? तो खालचा कागद नोकरी गेल्यानें, मृत्यूनें किंवा घटस्फोटानें सरकला, तर वरचे कागद कोठें राहतील? १९१३ मध्यें ज्या स्त्रिया तुरुंगांत गेल्या, त्यांना हा प्रश्न फार उशीरा कळला होता, कारण तो विचारण्याची संधिच त्यांना कोणी दिली नव्हती.

आतां ती संधि आहे, आणि तिचा आरंभ परदेशी वकिलातींत होत नाहीं. १९६९ च्या कायद्यानें जन्माची नोंद सक्तीची आहे. महाराष्ट्रांत १९९८ चा विवाहनोंदणीचा कायदा आहे, आणि २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही विवाहाची नोंद सर्वत्र सक्तीची करण्याचा आदेश दिला. १९१८ च्या ठरावानें जो दाखला मागितला आणि जो आपल्या आजीपणजींपाशीं नव्हता, तो आज गांवच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरांतून मिळतो. त्यावर वधूचें नांव असतें आणि वराचेंही. मुलाच्या जन्मदाखल्यावर बापाबरोबर आईचेंही नांव असतें. मुलकी नियमांनीं जें नांव वगळलें होतें, तें आतां कागदावर आलें आहे. तें बिनचूक लिहून घेणें आणि जपून ठेवणें एवढें प्रत्येक घराच्या हातीं आहे.