वळवाचे वादळ

मोसमी पावसाआधी, मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत, दुपारनंतर सोसाट्याचा वारा, विजा, गडगडाट आणि कधी गारा घेऊन येणारा पाऊस. मध्य महाराष्ट्र, मराठवाडा व विदर्भात तो नेहमीचा.

तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. पण नुसत्या उन्हाने वळीव येत नाही, बाष्पही लागते. ते अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांवरून येते. वर चढणाऱ्या बाष्पाचे पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते आणि तिच्या जोरावर हवा आणखी उसळते. दुपारी लहान दिसणारा ढग तासाभरात १२ ते १५ किमी उंची गाठू शकतो. वर वाट न उरल्याने त्याचा माथा ऐरणीसारखा आडवा पसरतो.

विजेचे मूळ या ढगातल्या बर्फात आहे. उन्हाळ्यातही सुमारे ५ किमीच्या वर तापमान शून्याखाली असते. तिथे बर्फाचे हलके स्फटिक, मऊ गारा आणि शून्याखालीही न गोठलेले पाणी एकत्र नांदतात. स्फटिक गारांवर आपटून निसटतात तेव्हा बहुधा गारांना ऋण आणि स्फटिकांना धन विद्युतभार मिळतो. वर जाणारा झोत स्फटिकांना माथ्याकडे नेतो, जड गारा मागे राहतात. अशा कोट्यवधी टकरींतून ढगाचा माथा धन आणि मधला-खालचा भाग ऋण होतो. श्रावणातल्या संततधारेत विजा कमी दिसतात त्या यामुळेच: तेव्हाचे ढग बुटके असतात आणि त्यांतले वर जाणारे झोत मंद. परतीच्या पावसात ढग पुन्हा उंच वाढतात आणि विजाही परततात.

बहुतेक विजा ढगातल्या ढगातच चमकतात. जमिनीकडे येणारी वीज आधी सुमारे ५० मीटरच्या टप्प्याटप्प्याने, फाटे फोडत, अंधूकपणे उतरते. ती जवळ येताच झाडे, मनोरे, उंचवटे यांवरून धन भाराची धार वर उठते. दोन्ही जुळताच त्या वाटेने साधारण ३०,००० अँपिअरचा प्रवाह धावतो; डोळ्यांना दिपवणारा लखलखाट तो हाच. एकाच वाटेने असे तीन-चार झटके लागोपाठ येतात, म्हणून वीज थरथरल्यासारखी दिसते.

त्या वाटेवरची हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि स्फोटासारखी प्रसरण पावते. गडगडाट होतो तो त्यामुळे. विजेची वाट काही किलोमीटर लांब आणि वाकडीतिकडी असल्याने तिच्या जवळच्या भागाचा आवाज आधी पोहोचतो, दूरच्याचा मागाहून. म्हणून जवळची वीज कडाडते आणि लांबची घुमत राहते. आवाजाला एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात. लखलखाटानंतर नऊ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर वीज तीन किलोमीटरवर पडली. पुढची मात्र डोक्यावर पडू शकते.

भारतात विजेने दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात आणि त्यांत शेतात राबणारे फार. पाऊस आला की झाडाखाली धावण्याची सवय इथे घातक ठरते: वीज झाडावरून माणसावर उडी घेते, शिवाय जमिनीतूनही पसरते. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने जमिनीतला प्रवाह त्यांच्या शरीरातून जातो आणि एका झाडाखालची अनेक जनावरे एकदम मरतात. पक्के घर किंवा पत्र्याची बंद मोटार हाच खरा आसरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देते.